पाच वाटा आणि एक विहीर

साहेबाच्या बंगल्यात आम्ही तिघं राहायचो, आणि चौथा भिंतीवर. तिघं म्हणजे साहेब, त्याचा खानसामा म्हणजे माझे भाऊजी, आणि मी. भाऊजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनीच साहेबाकडे शब्द टाकून मला शारजात आणलं होतं. मी एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेलं, शिक्षण चौथी. पाचवीच्या वर्गात बसलो होतो, पण मास्तरांशी पटलं नाही. चूक मास्तरांची होती, आजही सांगतो. भिंतीवरचा चौथा म्हणजे साहेबाचा खापरपणजोबा की त्याच्याही मागचा कोणी, तैलचित्रात उभा. निळा कोट, पांढरे मोजे, हातात काठी, पायाशी कुत्रा, आणि डोक्यावर पांढऱ्या कुरळ्या केसांचा टोप. भाऊजी म्हणायचे, "ह्याच्या डोक्यावर मेंढी येऊन बसलीय आणि ह्याला पत्ता नाही." हा इंग्लंडातला मोठा जमीनदार, तेव्हाच दोनशे वर्षांपूर्वीचा, आणि तिकडच्या पार्लमेंटात बसायचा. त्याचं लांबलचक नाव आमच्या जिभेला झेपेना, म्हणून आम्ही त्याला खोत म्हणायचो. कोकणात आमच्याकडे गावाच्या जमिनीचा मालक तो खोत. माझ्या आजोबांनी खोताच्या अंगणात चपला हातात घेऊन उभं राहण्यात जन्म काढला होता, तेव्हा खोत म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको होतं.

साहेब रस्ते बांधणाऱ्या कंपनीत मोठा इंजिनियर होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. उमेदीची बरीच वर्षं हिंदुस्थानात काढलेली, त्यामुळे हिंदी बोलायचा, मोडकी पण धडाधड. दुपारी दोनला कामावरून आला की जेवायचा, आणि मग कामाच्या खोलीत बसून त्या खोताचं चरित्र लिहायचा. माझं काम त्या खोलीपुरतं. बाहेरची बारीक वाळू खिडकीच्या फटीतून आत यायची, ती कागदांवरून मऊ ब्रशाने झाडायची. ऊन सरकेल तसे पडदे सरकवायचे. गुंडाळलेले कागद उघडले की परत गुंडाळायला बघतात, म्हणून साहेब वाचत असेल तोवर त्यांची टोकं दोन्ही हातांनी दाबून उभं राहायचं. खिडकीतला एसी घोड्यासारखा फुरफुरायचा, त्यावर टाइपरायटरची टकटक, आणि मागे स्वयंपाकघरात भाऊजींच्या सुरीची टकटक. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, बांग झाली की साहेब खुर्चीत मागे रेलायचा आणि चहा मागायचा. मी गेली पंधरा वर्षं मुलाकडे शारजातच अल मजाजला, सोळाव्या मजल्यावर राहतो. इथे एसीचा आवाजच येत नाही. घर इतकं गप्प असतं की मला काहीतरी बिघडलंय असं वाटत राहतं.

जेवणाचं सांगायचं तर बंगल्यात दोन चुली होत्या. आतली साहेबाची, तिच्यावर मटण रोस्ट, उकडलेले बटाटे, पिवळं धमक कस्टर्ड. बाहेर भिंतीला लागून आमचा स्टोव्ह, कारण सुकटीचा वास साहेबाला सोसायचा नाही. सुकट, आमसुलाचं सार, भात, आणि कोपऱ्यावरच्या इराणी भट्टीतून आणलेली गरम खुबूस. भाऊजी खुबुशीला कधी भाकरी म्हणाले नाहीत. "हा इथला कागद आहे, खा," म्हणायचे. पण चार माणसांची खुबूस एकटे खायचे.

चहाच्या वेळी साहेब त्या दिवशी लिहिलेलं मोठ्याने वाचायचा, कानाला कसं लागतं ते बघायला, आणि मग मला त्याचा अर्थ हिंदीत सांगायचा. सांगायला दुसरं कोणी नव्हतंच. त्यातून मला खोत समजत गेला. बाप मेला तेव्हा तो माझ्याच वयाचा होता. जमीन आली, कर्जबिर्ज काही नाही. मग एका साखरेच्या व्यापाऱ्याची पोर केली, तिच्याबरोबर आणखी जमीन आली. त्याच्या भागात मतं देणारे तीस-चाळीसच बाप्ये, आणि सगळे त्याचीच कुळं. निवडणूक आली की तीन दिवस बैलाचं मांस आणि बिअर, चौथ्या दिवशी हात वर. हे मी भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय लिहायचंय? आमच्या सरपंचाचं चरित्र लिही म्हणावं." खोत तीस वर्षं पार्लमेंटात बसला आणि दोनदाच बोलला, एकदा विटांच्या करावर आणि एकदा कोल्ह्यांवर. म्हातारपणी पायाचा अंगठा सुजायचा, तो उशीवर ठेवून चिठ्ठ्या लिहायचा. झाडं मात्र त्याने हजारोंनी लावली. तळं खणलं, तळ्यात बेट केलं, बेटावर देऊळ बांधलं. देवळात देव नव्हता. मी विचारलं, मग देऊळ कशाला? साहेब म्हणाला, लांबून छान दिसतं. झाडांचा भाग वाचताना साहेबाचा आवाज मऊ व्हायचा. मलाही तो खोत आवडायला लागला होता, खोटं का सांगू.

त्या बागेचा नकाशा टेबलावर असायचा. खोताने जमीन ताब्यात घेतली त्या वेळी मोजणी करून काढलेला, हाताने रंगवलेला, पातळ पिवळ्या कागदाचा. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण नकाशा येत होता. माझे वडील मोजणी खात्यात चेनमन होते. मोजणीची लोखंडी साखळी ओढायची, खुंट्या रोवायच्या, झेंडी धरायची. शाळा नसेल तेव्हा मी त्यांच्या मागे शेताशेतातून हिंडलेलो. वडील म्हणायचे, बांध खोटा असू शकतो, सही खोटी असू शकते, वाट खोटी नसते. माणसं जिथे जातात तिथेच वाट जाते, उगाच कोण चालत नाही. साहेबाच्या नकाशात तळ्याच्या जागेच्या वरच्या अंगाला मोकळा माळ दाखवलेला, आणि साहेबाने पुस्तकात लिहिलं होतं की ही ओसाड जमीन, कोणाच्या उपयोगाची नव्हती, थोरल्यांनी तिथे नंदनवन केलं. पण त्या माळावर पाच वाटा पाच दिशांनी येऊन एका ठिकाणी मिळत होत्या, शेजारी विहिरीचं बारीक वर्तुळ होतं, आणि मिळतात तिथे काहीच नाही. मी टोकं दाबून उभा असलो की माझी नजर तिथेच जायची. बोललो मात्र नाही. मला विचारलंय कोणी?

तो महिना आमच्या दृष्टीने नाजूक होता. माझ्या व्हिसाची मुदत महिनाअखेर संपत होती. साहेबाने एक कागद लिहून द्यायचा की हा माणूस मला हवा आहे, मग कंपनी पुढचं बघायची. कागद नाही तर खलास, पहिल्या बोटीने मुंबई. गावी वडिलांची नजर अधू झालेली, दोन धाकट्या बहिणी लग्नाच्या, आणि भाऊजींनी माझ्यासाठी शब्द खर्च केलेला. ते रोज सकाळी अंडी फेटताना मला बजावायचे, "महिना संपेपर्यंत तोंड बंद, हात स्वच्छ, आणि अक्कल घरात ठेवून यायची."

त्यात दसरा आला. भाऊजी आदल्या संध्याकाळी खाडीपलीकडे बर दुबईला जाऊन देवळाच्या गल्लीतून पिंजर म्हणजे कुंकू, थोडी फुलं, वेलची घेऊन आले. लबन, म्हणजे इथलं पातळ दही, रात्रभर फडक्यात टांगून त्याचा चक्का केला आणि श्रीखंड घोटलं. साहेब कामावर गेल्यावर भाऊजींनी सुऱ्या, तवे, स्टोव्ह मांडून पूजा केली. माझी हत्यारं कामाच्या खोलीत. मी टाइपरायटर पुसला, त्याच्यावर फूल ठेवलं. भिंगावर, मोजपट्टीवर ठेवलं. आणि मग नकाशा उघडला. वडिलांच्या घरी दसऱ्याला साखळीची पूजा व्हायची, आणि साखळीशेजारी त्यांचा कामाचा नकाशा, कापडावर चिकटवलेला, पसरून ठेवायचा. साखळीला हळद-पिंजर, नकाशाला ओल्या पिंजरीचा एक टिळा, तोही ठरलेल्या जागी, गावठाणावर. आधी गाव, मग शेतं. वर्षानुवर्षांच्या टिळ्यांनी त्या नकाशाचं गावठाण तांबडंलाल झालेलं होतं. नकाशा ही कामाची वस्तू नसून नुसती जपून ठेवायची वस्तूही असू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. मी पिंजर पाण्यात कालवली, करंगळीशेजारचं बोट बुडवलं, आणि पाच वाटा मिळतात तिथे टेकवलं. हात जोडले. मग बाहेर जाऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

दुपारी साहेब जेवून खोलीत गेला. टाइपरायटरचा आवाज येईना. एसीचा तेवढा येत होता. मग त्याने मला हाक मारली, हळू आवाजात. साहेब ओरडला असता तर मी एवढा घाबरलो नसतो. तो भिंग घेऊन नकाशावर वाकलेला होता. पिंजर सुकली होती, पण पाणी कागदात उतरून टिळ्याभोवती गुलाबी कडं धरलं होतं, चवलीच्या नाण्याएवढं. शेजारी ओला कापूस पडला होता. त्याने पुसून बघितलं होतं आणि डाग पसरला होता.

"ये क्या है?"

मी सांगितलं. दसरा, हत्यारं, साखळी, वडील, सगळं. साहेब ऐकत राहिला. हिंदुस्थानात राहिलेला माणूस, त्याला आमचे सण ठाऊक होते. शेवटी म्हणाला, "दो सौ साल आग लगा नहीं, पानी लगा नहीं, चूहा लगा नहीं. तुम लगा." मग त्याने विचारलं, "इधर ही क्यों? इतना बड़ा कागज है."

इथे मी म्हणायला हवं होतं की बोट पडलं तिथे पडलं. आमचा मुलगा अजून म्हणतो, "बाबा, सगळा प्रॉब्लेम तुमच्या त्या एका सेंटेन्सचा आहे." मी म्हणालो, "साहेब, टिळा गावठाणावर लावतात. इथे गाव होतं."

"उधर कुछ नहीं था."

"पाच वाटा आहेत. विहीर आहे. ओसाड माळावर कोण पाणी भरायला येतं?"

साहेबाचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. माझ्या पूर्वजाने गाव उठवलं असं म्हणतोस का, असं त्याने इंग्रजीत विचारलं असावं, कारण पुढची दोन वाक्यं इंग्रजीत होती आणि त्यांत खोताचं नाव होतं. मला एवढंच कळलं की मी डाग कागदावर लावला नव्हता, त्याच्या घराण्यावर लावला होता. मग तो हिंदीत आला. डागाबद्दल तो काही करणार नाही म्हणाला. पण मी एवढं म्हणायचं, की मला नकाशातलं काही कळत नाही, बोट कुठेतरी ठेवलं. मग तो व्हिसाच्या कागदावर सही करेल.

मी म्हणालो, "डागाबद्दल चुकलो साहेब. पाया पडतो. पण जागा बरोबर आहे."

"जाओ," तो म्हणाला.

ते नऊ-दहा दिवस मला अजून आठवतात. साहेब माझ्याशी बोलेना. खोलीत मी जायचो, वाळू झाडायचो, पडदे सरकवायचो. नकाशा गुंडाळून कपाटात गेलेला. साहेब टाइपरायटरपुढे बसायचा, कागद चढवायचा, दोन ओळी मारायचा, कागद उपसून काढायचा. टकटक थांबली की मला वाटायचं, आता हाक मारणार. सुरू झाली की वाटायचं, आता माझ्याविरुद्ध लिहितोय. इंग्रजी येत नसलं की प्रत्येक कागद आपल्यावरचा वाटतो. कंपनीची गाडी फाटकाशी थांबली की मी पडद्याआडून बघायचो, कोण उतरतंय. मी जेवायचा बंद झालो. सुकट समोर ठेवली तरी घास उतरेना, आणि माझ्या ताटातली सुकट टाकून द्यावी लागते म्हणून भाऊजी आणखी चिडायचे.

"अरे मेल्या, म्हण की चुकलं," ते कांदा चिरता चिरता म्हणायचे. "दोन शब्द. तुझं काय जातंय? ते गाव काय तुझी सासुरवाडी होती?"

"होतं म्हणून होतं म्हटलं."

"होतं तर होतं! मेली ती माणसं दोनशे वर्षांपूर्वी. त्यांनी काय तुला व्हिसा द्यायचाय? बहिणींची लग्नं तो माळ करणार आहे?"

"भाऊजी, वडिलांना विचारा."

"तुझ्या बापाने जन्मभर साखळी ओढली आणि तोंड बंद ठेवलं. म्हणून नोकरी टिकली."

ते खरं होतं. वडिलांनी कितीतरी बांध सरकलेले बघितले असतील, आणि अधिकारी सांगेल तिथे खुंटी रोवली असेल. घरी येऊन जेवायच्या आधी ते पाण्याचा तांब्या घेऊन बराच वेळ पडवीत बसायचे, ते का, हे मला भाऊजींच्या त्या वाक्यानंतर कळलं. माझा हट्ट मोडत आला होता. एका दुपारी मी साहेबाच्या दारापर्यंत गेलो, मनात वाक्य जुळवून, मालूम नहीं साहेब, उंगली किधर भी रखा. दार अर्धं उघडं होतं. साहेब भिंतीसमोर उभा राहून त्या तैलचित्राकडे बघत होता, हातात भिंग, जसं काही खोताच्या तोंडावर कुठे बारीक अक्षरात लिहिलंय. मी परत फिरलो. तो शोधत होता ना? शोधणाऱ्या माणसाला मी खोटं कसं सांगू? भाऊजींना सांगितलं साहेब झोपलाय.

महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा साहेबाने मला बोलावलं. भाऊजीही मागून आले, ओले हात ॲप्रनला पुसत. साहेबाने एक पाकीट पुढे केलं, डिंकाने बंद केलेलं, वर इंग्रजीत पत्ता. म्हणाला, उद्या सकाळी कंपनीची पिकअप खोर फक्कानला जाते, तिच्यातून जायचं, तिथल्या साइट ऑफिसात हे द्यायचं. या घरात तुला ठेवता येणार नाही. मी विचारलं, व्हिसाचा कागद? तो म्हणाला, उसी में है. आणि टाइपरायटरकडे तोंड केलं. मला त्याचा राग आला होता, पण जाताना बघितलं, त्याच्या बोटांना टाइपरायटरची शाई लागलेली आणि दाढी वाढलेली. असा साहेब मी कधी बघितला नव्हता.

भाऊजी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. "खोर फक्कान म्हणजे बंदर," ते म्हणाले. "बंदरावर का पाठवतात माणसाला? बोटीवर घालायला." मग उठले आणि माझ्यासाठी मटण रोस्टचे दोन तुकडे खुबुशीत गुंडाळायला लागले, साहेबाच्या ताटातले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साहेबाच्या ताटातलं काढलं. "उघडून बघू का पाकीट?" मी विचारलं. ते म्हणाले, "उघडलंस तरी वाचणार कोण? तू की मी?"

आता खोर फक्कानला डोंगर पोखरून बोगदे केलेत. मुलगा आम्हाला शुक्रवारी समुद्रावर नेतो, तासाभरात पोचतो. नात सई मागे बसून फोन बघते. मी सांगितलं की या रस्त्याने मी गेलो तेव्हा रस्ता नव्हता, तर म्हणते, "आजोबा, देन हाउ डिड यू गो?" कसं म्हणजे, कोरड्या वाडीच्या, म्हणजे इथल्या पावसापुरत्या नदीच्या, पात्रातून, दगडगोट्यांवरून, सिमेंटच्या पोत्यांवर बसून, एक हात शर्टाच्या आत पाकिटावर दाबून. दोन्ही बाजूंना काळे-तपकिरी डोंगर, झाड नाही. पाकीट घामाने भिजेल म्हणून मी ते थोड्या वेळाने बनियनच्या वर घेतलं, मग उडेल म्हणून परत आत. मटणाला हात लावला नाही. शेवटच्या वळणावर समुद्र दिसला, आणि समुद्रात उभी एक बोट दिसली, आणि मला वाटलं, ती माझीच.

साइट ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. आत एक हेडक्लार्क बसलेला, केरळचा, कपाळावर भस्म, समोर पंखा, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर दगड. मी पाकीट दिलं. ते दमट झालेलं, एका कोपऱ्यात पिळलेलं. त्याने नाक मुरडून दोन बोटांत धरलं, फाडलं. आत दोन कागद होते. एक त्याने बाजूला दगडाखाली ठेवला. दुसरा वाचायला लागला. वाचता वाचता माझ्याकडे बघितलं, परत वाचलं, आणि हसला. मला ते हसू कळेना. पंखा एका बाजूला वळला, परत माझ्याकडे आला.

"तुम्हारा साहेब लिखता है, ये लड़का बदतमीज़ है. सुनता नहीं है. घर के काम का नहीं है."

"हां जी," मी म्हणालो.

"और लिखता है, इसको सर्वे में लगाओ. नक्शा मेरे से अच्छा पढ़ता है." त्याने दगडाखालच्या कागदावर बोट ठेवलं. "वीझा का लेटर भी है. साइन किया है."

बसायला काही नव्हतं, म्हणून मी पत्र्याच्या भिंतीला पाठ लावली, तर पत्रा उन्हाने तापलेला, चटका बसून परत सरळ झालो. तो मोठ्याने हसला. मग दगडाखालचा कागद काढून त्याची घडी घालता घालता थांबला आणि जरा संशयाने माझ्याकडे बघायला लागला. सही झालेली होती, पण कागद अजून त्याच्या हातात होता.

"एक बात बोलो. इतना अच्छा है तो घर से निकाला क्यों? चोरी किया?"

"नहीं."

"फिर?"

मी सांगितलं. थोडक्यात, जमेल तसं. एक जुना नकाशा होता, त्यात साहेबाच्या घराण्याची जमीन होती, साहेब म्हणत होता तिथे ओसाड होतं, मी म्हटलं गाव होतं.

बाहेर पिकअपवाला सिमेंटची पोती उतरवताना "यल्ला, यल्ला" ओरडत होता. हेडक्लार्क पुढे वाकला आणि त्याने विचारलं, आवाजात थट्टा होती की परीक्षा, ते मला आजही सांगता येणार नाही.

"और था गांव?"

भाऊजींचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. तो कागद त्याच्या बोटांत होता, आणि बंदरात बोट उभी होती.

"था," मी म्हणालो.